संदर्भसूची : गाव एक, नावे तीन

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. बेळगाव जिल्ह्यातील मराठी आणि कन्नड भजनी मंडळांवरचा माझा लेख एका संशोधनपत्रिकेने परत पाठवला आहे. शेरा असा : ‘आशय स्वीकारार्ह, मात्र संदर्भांत एकवाक्यता नाही. एपीए पद्धतीच्या सातव्या आवृत्तीनुसार सुधारून पंधरा दिवसांत पाठवावे.’ (एपीए म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या संस्थेची संदर्भ देण्याची पद्धत.) यादीत ६२ नोंदी आहेत. त्यांत कन्नड ग्रंथ, शके छापलेली जुनी मराठी पुस्तके, इंग्रजी गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि भजनकऱ्यांच्या मुलाखती असे सगळे आहे. सुरुवात कोठून करावी? – एक प्राध्यापिका, खानापूर

उत्तर : बहुतेक लेखक अशा वेळी स्वल्पविराम आणि पूर्णविराम बदलायला बसतात आणि आठवडा त्यातच घालवतात. ते काम शेवटच्या दोन दिवसांचे आहे. आपल्या यादीतील खरी अडचण नावांची असावी, असे मला वाटते, कारण सीमाभागातील जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात ती मी पाहिली आहे. ‘बेळगाव’, ‘बेलगाम’ आणि ‘बेळगावी’ ही तिन्ही रूपे एकाच यादीत येतात, आणि बेळगावबाहेरच्या समीक्षकाला ती तीन वेगळी गावे वाटली, तर दोष त्याला देता येत नाही.

म्हणून प्रथम वहीचे एक पान घ्या आणि त्यावर गावे, लेखक व प्रकाशक यांची नावे जशी छापली आहेत तशी उतरवा. नियम साधा आहे : ग्रंथाचे नाव आणि प्रकाशकाचे नाव मुखपृष्ठामागच्या पानावर असेल तसेच ठेवायचे, आणि आपल्या स्वतःच्या विवेचनात मात्र गावाचे एकच रूप आरंभापासून अखेरपर्यंत चालवायचे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले. त्यामुळे १८८४ च्या गॅझेटिअरच्या नोंदीत ‘बेलगाम’ हेच राहील. ते सुधारण्याचा मोह आवरावा. नावाच्या वादात आपली बाजू कोणतीही असो, ती लेखात मांडता येते. संदर्भसूची ही त्यासाठीची जागा नव्हे, कारण बदललेल्या शीर्षकाने ग्रंथालयात शोधणाऱ्याच्या हाती ते पुस्तक लागणार नाही.

त्याच गॅझेटिअरची नोंद नमुन्यादाखल पाहू. येथे ती देवनागरीत देतो. आपण मूळ लिपीत द्यावी : कॅम्पबेल, जे. एम. (संपा.). (१८८४). गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी : खंड २१. बेलगाम. गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस. ग्रंथाचे शीर्षक तिरप्या ठशात येते. प्रकाशनस्थळ नाही, हे लक्षात घ्यावे. सातव्या आवृत्तीने ते काढून टाकले आहे, आणि आपल्या मार्गदर्शकांनी जुन्या सवयीने ‘मुंबई :’ लिहायला सांगितले असेल, तर येथे पत्रिकेचे ऐकावे. पुनर्मुद्रण वापरले असल्यास नोंदीत पुनर्मुद्रणाचे वर्ष द्यावे, शेवटी कंसात मूळ प्रकाशनाचे वर्ष नोंदवावे आणि मजकुरात दोन्ही वर्षे तिरक्या रेघेने जोडावीत. नाहीतर कॅम्पबेल परवापरवा लिहीत होते, असे वाचकाला वाटते.

शके असलेल्या पुस्तकांचे वर्ष काढताना सरसकट ७८ मिळवण्याची चूक होते. शके १८०६ चैत्रात, म्हणजे १८८४ च्या मार्चमध्ये सुरू झाले आणि १८८५ च्या मार्चपर्यंत चालले. प्रस्तावनेखाली माघ किंवा फाल्गुन असा महिना दिला असेल, तर ७९ मिळवावे लागतात. पौष दोन इसवी सनांवर पडू शकतो, तेथे तिथी पाहावी. महिना दिलेलाच नसेल, तर ‘शके १८०६ (१८८४–८५)’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे.

कन्नड ग्रंथांसाठी शीर्षकाचे लिप्यंतर करून लगेच चौकटी कंसात मराठी अर्थ द्यावा. अर्थ तिरप्या ठशात नको. लेखकांच्या नावांबाबत मात्र थोडे थांबावे लागते. आपल्याकडे आडनाव शेवटी येते हे आपण गृहीत धरतो, आणि हिरेमठ, हुक्केरी, गोकाक अशा उत्तर कर्नाटकातील नावांना ते लागूही पडते. दक्षिणेकडे गणित वेगळे आहे. के. व्ही. पुट्टप्प या नावातील ‘के.’ म्हणजे कुप्पळ्ळी हे गाव, ‘व्ही.’ म्हणजे वडील वेंकटप्प, आणि पुट्टप्प हे त्यांचे स्वतःचे नाव. त्यांचा ग्रंथ ‘कुवेंपु’ या त्यांच्या टोपणनावाने छापलेला असेल, तर नोंदही ‘कुवेंपु’ अशीच करावी. एखाद्याने ‘बसवराज एस.’ असे लिहिले असेल, तर संदर्भ लावून देणारे सॉफ्टवेअर त्याचे ‘एस., बसवराज’ करून ठेवते आणि बिचारे बसवराज यादीत भलत्याच अक्षराखाली जाऊन बसतात. झोटेरो हे असे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि उपयोगी आहे, पण नाव कोणत्या रकान्यात घालायचे हे आपणच ठरवायचे असते.

अकारविल्हे लावतानाही संगणकावर विसंबू नये. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेच्या, संकेतक्रमात तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवलेला आहे. त्यामुळे केवळ संकेतक्रमाने लावलेल्या यादीत ‘काळे’ हे ‘कावळे’ आणि ‘काशीकर’ यांच्या आधी येतात. आपल्या रीतीप्रमाणे ते त्यांच्या नंतर यायला हवेत. ६२ नोंदी हाताने तपासायला अर्धा तास लागेल.

मुलाखतींविषयी आपण विचारले नसते, तरी मी लिहिले असते. अनेकजण त्या सरळ संदर्भसूचीत घालतात. एपीए पद्धतीत इतर वाचकाला मिळू न शकणारी मुलाखत सूचीत येत नाही. त्यातही आपण स्वतः संशोधनासाठी भजनकऱ्यांना प्रश्न विचारले असतील, तर त्यांना ‘व्यक्तिगत संवाद’ असाही शिक्का मारायचा नसतो. ते आपल्या अभ्यासातले सहभागी आहेत. संशोधनपद्धतीच्या भागात किती जणांशी, कोणत्या गावांत आणि कोणत्या काळात बोललात हे सांगावे आणि पुढे त्यांचे उद्गार थेट अवतरणात द्यावेत. नाव छापायचे तर संमती आधी घ्यावी.

आता राहिले विरामचिन्हांचे काम. तीन किंवा अधिक लेखक असल्यास मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिले नाव आणि ‘व इतर’. लेखाला डीओआय क्रमांक (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) असेल, तर तो पूर्ण दुव्याच्या रूपात, शेवटी पूर्णविराम न देता लिहावा. नोंदीची पहिली ओळ कडेला आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत. वर्डमध्ये नोंदी निवडून कंट्रोल आणि टी दाबले की हे होते, स्पेसबार बडवण्याची गरज नाही. मग यादी छापून घ्या, लेख वाचताना भेटेल त्या प्रत्येक उल्लेखापुढे पेन्सिलीने खूण करा. खूण नसलेली नोंद काढून टाका आणि यादीत न सापडलेला उल्लेख शोधून भरा.

प्रश्न : माझ्या प्रबंधात तळटिपा आहेत आणि जागोजागी ‘तत्रैव’ (म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’) वापरले आहे. ते पुस्तकात ठेवावे का? – एक संशोधक, निपाणी

उत्तर : ठेवू नये. आपण मजकुरात मध्येच एक नवी तळटीप घातली की तिच्या खालचे ‘तत्रैव’ मुकाट्याने नव्या ग्रंथाकडे बोट दाखवू लागते, आणि मुद्रितशोधकाला ते कळत नाही. लेखकाचे आडनाव, शीर्षकातले दोन-तीन शब्द आणि पृष्ठांक एवढे पुरेसे आहे. तळटिपांसाठी वापरली जाणारी शिकागो पद्धतही आता अशा संक्षिप्त नोंदीलाच पसंती देते. ‘उपरोक्त’ आणि ‘कित्ता’ यांनाही हेच लागू.