राव दोन होते, ताई

ताई, सोसायटीच्या २६ नोव्हेंबरच्या, संविधान दिनाच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून फलक करून घ्यायचेत, आणि "घटना कोणी लिहिली?" या प्रश्नावर ग्रुपवर तीन उत्तरं आली – बाबासाहेब, बी. एन. राव आणि रायजादा. हे वाचून मला माझेच जुने दिवस आठवले. नाशिकमध्येच, अशाच कार्यक्रमासाठी, मी बारा फ्लेक्स केले होते. त्यातल्या एकाने मला चांगलंच तोंडावर पाडलं.

आधीच सांगतो, मी वकील नाही, प्राध्यापक नाही. हौस म्हणून वाचलेलं सांगतोय. संविधान सभा म्हणजे घटना तयार करणारी सभा आणि मसुदा समिती म्हणजे तिने मसुद्यासाठी नेमलेली समिती, हे तुम्हाला ठाऊक असेलच, खोलात जात नाही.

तिसरं उत्तर आधी निकालात काढा. प्रेम बिहारी नारायण रायजादांनी इंग्रजी प्रत सुंदर अक्षरात हाताने लिहिली, हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्यांनी. पानांची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या मंडळींची. आपल्या मराठीत 'लिहिणं' म्हणजे मजकूर रचणंही आणि अक्षर काढणंही, म्हणून हा घोळ होतो. माझं मत विचाराल तर फलकावर 'लिहिली' हा शब्दच नको. 'मसुदा केला' आणि 'हस्तलिखित केलं' असं वेगवेगळं लिहा.

आता माझी चूक. 'मसुदा समितीचे सात सदस्य' असा फलक होता. नावं मी एका फॉरवर्डवरून घेतली आणि सातवं नाव टाकलं बी. एन. राव. चूक! समितीत जे राव आले ते एन. माधव राव, बी. एल. मित्तर बाहेर पडल्यावर त्यांच्या जागी. बेनेगल नरसिंग राव हे घटनात्मक सल्लागार. ते समितीचे सोडा, संविधान सभेचेही सदस्य नव्हते. २९ ऑगस्ट १९४७ ला नेमलेली मूळ सात नावं अशी: आंबेडकर, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर, गोपालस्वामी अय्यंगार, मुन्शी, सादुल्ला, मित्तर आणि खेतान. पुढे खेतान वारले, त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले.

एका निवृत्त गुरुजींनी भर कार्यक्रमात, मुलांसमोर, बोट ठेवलं. ते एकवेळ ठीक. पण त्याच संध्याकाळी कुणीतरी त्या फलकाचा फोटो ग्रुपवर टाकला: "बघा, राव समितीतच होते, मसुदा त्यांचाच, बाबासाहेब नुसते अध्यक्ष." माझी चूक त्यांचा पुरावा झाली. आणि हे कुठे, तर ज्या गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला तिथे. रात्रभर झोप नाही. दुरुस्तीचा मेसेज टाकला, पण तो कोण फॉरवर्ड करतो? तो फ्लेक्स पुढे चुलतभावाने कांद्यावर झाकायला चांदवडला नेला.

खरं तर छापण्याआधी मी मूळ चर्चा बघायला गेलो होतो. एका कार्यालयाच्या ग्रंथालयात (नाव घेत नाही, उगाच कटकट नको) सभेच्या चर्चेचे सगळे खंड आहेत असं कळलं. पहिल्या दिवशी "संस्थेचं पत्र आणा". पत्र नेलं तर "यावर जावक क्रमांक नाही". तो टाकून नेला तर "साहेब रजेवर, कपाटाची चावी त्यांच्याकडे". तीन आठवडे सीबीएस बसस्थानकावरून हेलपाटे. चौथ्या वेळी गेलोच नाही आणि फॉरवर्डवर विश्वास ठेवला. आणि नंतर कळलं की हे सगळे बारा खंड संसदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत! घरी बसून, चहा पीत वाचता आले असते. मला आजही राग येतो, स्वतःचा जास्त.

म्हणून तुम्ही दोनच भाषणं वाचा. पहिलं ५ नोव्हेंबर १९४८ चं, कृष्णम्माचारींचं. ते तेव्हा समितीत नव्हते. ते सभेला सांगतात की समितीतल्या एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभाराच्या कामात, एकदोघे दिल्लीपासून लांब, म्हणून मसुद्याचा भार शेवटी डॉ. आंबेडकरांवरच पडला. दुसरं २५ नोव्हेंबर १९४९ चं, खुद्द बाबासाहेबांचं. त्यात ते म्हणतात की मला दिलं जाणारं श्रेय माझ्या एकट्याचं नाही, काही वाटा कच्चा मसुदा करणाऱ्या रावांचा. फॉरवर्डवाले इथेच कात्री लावतात. पुढे समितीच्या सदस्यांचा उल्लेख आहे, आणि त्याहून मोठा वाटा ते एस. एन. मुखर्जींना देतात. मुखर्जी हे मुख्य मसुदाकार, गुंतागुंतीचं म्हणणं सोप्या, नेमक्या कायद्याच्या भाषेत बसवणारे. त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

रावांचं काम कमी लेखू नका. त्यांच्या ऑक्टोबर १९४७ च्या मसुद्यात २४३ कलमं होती. समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये दिलेल्या मसुद्यात ३१५, आणि मंजूर झालेल्या घटनेत ३९५. मधल्या काळात ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि सभागृहात उभं राहून त्यांना उत्तरं देणारे बहुतेक वेळा बाबासाहेबच. समिती १४१ दिवस बसली. आता 'नुसते अध्यक्ष' म्हणणाऱ्याला हे आकडे दाखवा.

घटना तयार व्हायला '२ वर्षं ११ महिने १७ दिवस लागले की १८' यावरून मुलं भांडतील. बाबासाहेबांनी २५ तारखेला बोलताना १७ म्हटलं, घटना स्वीकारली २६ ला, म्हणून १८. दोन्ही बरोबर, भांडण मिटवा.

जाता जाता छपाईचं. फ्लेक्सवाल्याकडे युनिकोडचा मजकूर दिला की तो फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात, आकडे हलतात. माझ्या एका फलकावर ३९५ चं ३१५ झालं होतं, आणि ३१५ हाही खरा आकडा असल्याने मला ते दिसलंच नाही. प्रूफ दुसऱ्याकडून वाचून घ्या, स्वतः नको. शक्य असेल तर सनबोर्ड (फोमचा कडक फलक) करा, मोकळ्या मैदानात फ्लेक्स वाऱ्याने फडफडतो, मुलांना वाचता येत नाही.

छापण्याआधी मजकूर इथे टाकलात तर नावं तेवढी तपासून देईन. गुरुवारी मी गावाला असतो, त्याआधी टाका.