हायब्रिड रेकमेंडेशन सिस्टम म्हणजे नक्की काय, आणि फायनल इयर प्रोजेक्टला झेपेल का?

तुम्ही विचारलंय की रेकमेंडेशन सिस्टमच्या (म्हणजे ॲपमध्ये "हेही बघा" म्हणून सुचवणाऱ्या यंत्रणेच्या) कंटेंट बेस्ड आणि कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग या दोन पद्धती वेगवेगळ्या समजल्या पण दोन्ही एकत्र, म्हणजे हायब्रिड, कसं करायचं आणि फायनल इयरला एवढं झेपेल का. झेपेल. मी नागपुरात एका छोट्या किराणा ॲपसाठी हेच काम केलंय, त्यामुळे व्याख्या सोडतो आणि आमचं काय झालं ते सांगतो.

आधी आम्ही नुसतं कंटेंट बेस्ड लावलं, म्हणजे नाव, कॅटेगरी, किंमत यावरून मिळतंजुळतं प्रॉडक्ट दाखवायचं. कोणी सावजी मसाला घेतला की त्याला अजून चार कंपन्यांचे सावजी मसाले, अरे बाबा त्याने आत्ताच पाव किलो घेतला ना, अजून चार पाकिटं घेऊन करेल काय. त्यात कॅटलॉग भरणाऱ्या पोरांनी कुठे सावजी लिहिलेलं कुठे साओजी, मशीनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द, आठवडाभर आम्ही नुसती स्पेलिंगं सुधारत बसलो होतो. (या कामात हेच जास्त असतं, कॉलेजात कोणी सांगत नाही.)

मग कोलॅबरेटिव्ह केलं, म्हणजे बिलं बघायची आणि कशासोबत काय जातं ते शोधायचं, आणि सावजी मसाल्याच्या शेजारी थेट जवसाचं तेल आलं! नागपूरच्या माणसाला यात नवल नाही, सावजी रस्सा पूर्वीपासून जवसाच्या तेलात करतात, पण मशीनला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि दोन्ही नावांत एक शब्द सारखा नाही, कंटेंटवाल्याला हे जन्मात सापडलं नसतं. पण त्याच आठवड्यात नवीन संत्रा बर्फी आली, ती अजून कोणी घेतलीच नव्हती म्हणून कोणाला दिसेना आणि दिसेना म्हणून विकेना. नवीन कस्टमरचंही तसंच. यालाच कोल्ड स्टार्ट म्हणतात, आणि इथे कंटेंटवालाच कामी येतो, त्याला बर्फी ही बर्फी आहे एवढं कळलं तरी पुरतं.

तर दोघांचं मिश्रण. दोन्ही पद्धती प्रत्येक प्रॉडक्टला मार्क देतात, आम्ही ते ० ते १ मध्ये आणले आणि कोणाचं किती ऐकायचं ते कस्टमरच्या ऑर्डरींवर ठरवलं. कोलॅबरेटिव्हचं वजन = ऑर्डरी भागिले (ऑर्डरी + १०). दोनच ऑर्डरी असतील तर २/१२, म्हणजे साधारण १७ टक्के, बाकी सगळं कंटेंटचं ऐकायचं, ३० ऑर्डरी झाल्या की ३०/४०, म्हणजे ७५ टक्के. नवीन प्रॉडक्टलाही हाच हिशोब, तिथे ऑर्डरींच्या जागी विक्री. तो १० काही वेदात लिहिलेला नाही, ५, २०, ५० टाकून बघायचं.

ही झाली वजनवाली पद्धत. रॉबिन बर्क या संशोधकाने २००२ च्या पेपरमध्ये हायब्रिडचे असे सात प्रकार सांगितलेत, त्यातला स्विचिंग म्हणजे परिस्थिती बघून एक बंद दुसरं चालू, आणि कॅस्केड म्हणजे एकाने चाळायचं आणि दुसऱ्याने त्यातूनच बारीक निवडायचं. यूट्यूबच्या २०१६ च्या पेपरमध्येही अशा दोन पायऱ्या आहेत, लाखो व्हिडिओंतून आधी काहीशे काढायचे आणि मग त्यांचा नंबर लावायचा. सात पाठ करू नका, दोन नीट करा.

कधी कधी मॉडेलच्या वर साधा नियमही लागतो, हे आम्ही शिव्या खाऊन शिकलो. ऐन श्रावणात एका काकूंचा फोन, "काहो, श्रावणात मटण मसाला काहून दाखवून राहिला तुमचा ॲप?" मॉडेल बरोबरच होतं, त्यांच्या घरी वर्षभर तोच जायचा. शेवटी पोळ्यापर्यंत तेवढे मसाले बंद ठेवायचा साधा नियम हातानेच लिहिला, कसलं मशीन लर्निंग नि काय.

नेटफ्लिक्सच्या स्पर्धेचं उदाहरण सगळे देतात, २००६ ते २००९, कोण कोणत्या पिक्चरला किती रेटिंग देईल या अंदाजात १० टक्के सुधारणेला १० लाख डॉलर. जिंकलेली टीम शेकडो मॉडेलं मिसळून जिंकली खरी, पण तो अख्खा पसारा नेटफ्लिक्सने वापरला नाही, २००७ च्या टप्प्यातल्या दोन पद्धती तेवढ्या घेतल्या. म्हणून प्रोजेक्टला पंधरा मॉडेलं जोडायचा मोह नको.

डेटा मूव्हीलेन्सचा १००के घ्या, म्हणजे लोकांनी पिक्चरना दिलेल्या रेटिंगचा तयार संच, ९४३ यूजर, १६८२ पिक्चर, १ लाख रेटिंग, साध्या लॅपटॉपवर आरामात चालतो. एक गोम आहे, त्यात प्रत्येक यूजरची किमान २० रेटिंगं आहेतच, म्हणजे एकदम नवीन माणूस त्यात सापडतच नाही आणि तुमचं हायब्रिड नुसत्या कोलॅबरेटिव्हपेक्षा फारसं पुढे दिसणार नाही, मग पोरं म्हणतात हायब्रिड बेकार. त्यासाठी शे-दोनशे यूजरची प्रत्येकी दोनच रेटिंगं ट्रेनिंगला (मॉडेलला शिकवायला) ठेवा, बाकी लपवा, आणि त्यांचा रिझल्ट वेगळा मांडा. लपवताना जुनी ठेवा नि नवी लपवा, उलटं केलं तर मॉडेल उद्याचं बघून कालचं सांगेल.

आणि सगळ्यात जास्त चाललेल्या १० पिक्चरची साधी यादी पण तुलनेला त्याच रिझल्टच्या टेबलमध्ये टाका, लाज वाटली तरी. आमचं पहिलं मॉडेल अशाच यादीकडून हरलं होतं, आणि त्या यादीत पहिल्या दोन नंबरला कांदे नि बटाटे होते.