जमीन विकायच्या आधी मेडिकल

मी पायलट, मागच्या अंकात रात्रीच्या लँडिंगबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली की कुणाला पायलट व्हायचं असेल तर विचारा. झालं, पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून ढीग लागला. निम्म्याहून जास्त प्रश्न पैशाचे आहेत. सगळ्यांना पुरं पडणं शक्य नाही, सहा निवडलेत.

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ७८ टक्के. लहानपणापासून एकच धोशा, पायलट व्हायचंय. एका अ‍ॅकॅडमीच्या सेमिनारला गेलो होतो, ते म्हणाले सगळं मिळून ६० लाख, दोन वर्षांत नोकरी, आणि या महिन्यात अर्धी फी भरली तर सूट. साडेचार एकर आहे, त्यातली दोन एकर रोडटच आहे आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे. विकू का? – एक शेतकरी, औसा, जि. लातूर

भाऊ, हात जोडून सांगतो, या महिन्यात काही विकू नका. गिऱ्हाईक कुठं जात नाही, रोडटच जमिनीला तर नाहीच नाही.

आधी पोराची मेडिकल करा. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणारं सरकारी खातं, त्यांच्या वेबसाइटवर मान्यता असलेल्या डॉक्टरांची यादी आहे, त्यांच्याकडे क्लास टू, म्हणजे पहिल्या पायरीचं मेडिकल, होतं, काही हजारांत काम होतं. ते झालं की क्लास वन, त्यात ईसीजी, एक्स-रे, कान, डोळे, रक्त, लघवी सगळं बघतात. कमर्शियल पायलटचं लायसन मिळायला आणि टिकायला क्लास वन लागतंच, आणि ते दरवर्षी पुन्हा करावं लागतं. वजन, शुगर असल्या कारणांनी टेंपररी अनफिट केलं तर दुरुस्त करून परत जाता येतं, पण काही गोष्टी दुरुस्त होत नाहीत.

माझ्या बॅचला कोल्हापूरकडचा एक मुलगा होता, अभ्यासात आम्हा सगळ्यांच्या पुढे. त्याच्या घरच्यांनी आधी पैसे भरले, क्लास वन नंतर बघू म्हणाले. तपासणीत ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक असतं ना, त्यात आम्हाला आकडा दिसायचा आणि त्याला नुसते ठिपके. त्याला बावीस वर्षं कळलंच नव्हतं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. कळणार तरी कसं, त्याच्या डोळ्यांनी दुसरं कुणी बघितलं होतं का. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून त्यानं वडलांना फोन लावला, आणि बराच वेळ नुसता कानाला धरून बसला. भरलेल्या पैशातले परत किती आले ते मी विचारलं नाही.

आता ते ६० लाख. कमर्शियल पायलट लायसनला, म्हणजे सीपीएलला, किमान २०० तास उडावं लागतं, बहुतेक ठिकाणी १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या असं पॅकेज असतं. पण सीपीएल हातात आलं म्हणून एअरबस चालवता येत नाही. त्यासाठी वेगळं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीच्या विमानाची परवानगी, एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ची, सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, त्याचे आणखी १५-२० लाख धरा. हॉस्टेल, जेवण, परीक्षा, वर आणखी. सेमिनारवाल्याला साधं विचारा, टाइप रेटिंग यात धरलंय का. उत्तराआधी तो घोटभर पाणी प्यायला तर समजून जा. सगळं मिळून ८० लाख ते एक कोटी मनात धरून चाला.

आणि दोन वर्षांत नोकरी. अहो मला नुसत्या २०० तासांना सव्वीस महिने लागले. ब्रोशरवर चार विमानं होती, त्यातलं एक इंजिन ओव्हरहॉलला गेलेलं, एकाचा पार्ट यायचा होता, उरलेल्या दोनांवर आम्ही चाळीस जणं, आणि जून लागला की ढग खाली येतात, पाऊस, ते संपलं की उन्हाळ्यात धुरळा. चार महिने मी हँगरसमोरच्या लिंबाच्या झाडाखाली बसून काढले, दिवसातून एकदा विमान बाहेर ढकलायचं आणि संध्याकाळी आत ढकलायचं, एवढंच उड्डाण. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसा. तिथं पोरं असतात, त्यांना विचारा आज किती विमानं उडाली, इन्स्ट्रक्टर किती आहेत, तू कधी आलास आणि तुझे तास किती झाले. तीन पोरं भेटली की चित्र स्पष्ट होतं. डीजीसीएनं २०२५ पासून फ्लाइंग स्कूलचं रँकिंगही काढायला सुरुवात केलीय, ते बघा. आणि सगळे पैसे एकदम भरू नका, कितीही सूट देऊ देत. जेवढे तास उडाला तेवढे पैसे, हप्त्यानं, लेखी.

लांब जायची गरज नाही, गोंदिया, बारामती, धुळे, सगळीकडे ट्रेनिंग चालतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी अ‍ॅकॅडमी आहे, इग्रुआ म्हणतात, ती प्रवेश परीक्षा घेऊन मुलं घेते, ती परीक्षा द्यायला लावा, निदान पोरगं कितपत पाण्यात आहे ते कळेल.

नोकरीचं मात्र खरं सांगतो. सेमिनारवाले सांगतात एअर इंडियानं २०२३ ला ४७० विमानांची ऑर्डर दिली, इंडिगोनं त्याच वर्षी ५०० ची. खोटं नाही. पण ती विमानं एका रात्रीत येत नाहीत, वर्षानुवर्षं येत राहतात. आणि हेच लोक २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली, २०२० ला कोविडमध्ये सगळी विमानं जमिनीवर होती, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट ही कंपनी थांबली, ते सांगत नाहीत. तेव्हा हजारो तासांचे कॅप्टन घरी बसले होते, मग २०० तासवाल्याला कोण विचारतं. या धंद्यात पेरणी आपल्या हातात आहे, पाऊस नाही, हे तुम्हाला मी काय सांगावं.

तर क्रम असा धरा. क्लास टू, मग क्लास वन. फिट आला की त्याला घरी बसून डीजीसीएचे दोन पेपर काढू द्या, एअर रेग्युलेशन म्हणजे उड्डाणाचे नियम आणि मेटिओरॉलॉजी म्हणजे हवामान, पासिंगला ७० टक्के लागतात, पुस्तकं आणि परीक्षेची फी सोडली तर फार खर्च नाही. दोन पेपर निघाले तर बँकेत एज्युकेशन लोनचं विचारा, जमीन तारण ठेवायची वेळ आली तरी ती विकण्यापेक्षा बरी. आणि विकायचीच ठरली तर रोडटच नका विकू, आतली विका.

प्रश्न : मी मराठी मीडियमची. इंग्लिश समजतं पण बोलताना अडखळते. पायलटला फाडफाड इंग्लिश लागतं म्हणतात, ते खरं का? – एक विद्यार्थिनी, जत

मी पण सांगली जिल्ह्यातलाच, झेडपीच्या शाळेतला. पहिल्यांदा रेडिओचं बटण दाबलं आणि तोंडातून शब्दच फुटेना. विमानाचं नाव व्हिक्टर टँगोपासून सुरू होतं तेवढं बोललो आणि बटण दाबूनच धरलं, त्यामुळे दुसऱ्या कुणालाच बोलता येईना. इन्स्ट्रक्टरनं माझा अंगठा उचलून बाजूला केला. मग टॉवरवरचा माणूस शांतपणे म्हणाला, से अगेन.

रेडिओवरचं इंग्लिश हे वेगळंच प्रकरण आहे, ते पाठ करून येतं. वाक्यं ठरलेली असतात, थ्रीला ट्री म्हणायचं, फाइव्हला फाइफ, नाइनला नायनर, म्हणजे खरखरीत आवाजात पण गोंधळ होऊ नये. सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. यात फाडफाड बोलणारी कॉन्व्हेंटची पोरं उलट अडकतात कारण त्यांना जास्तीचे शब्द घालायची सवय असते. लायसनसाठी इंग्लिशची एक वेगळी टेस्ट असते, सहा लेव्हल, चौथी किमान लागते. चौथीला उच्चार गावाकडचा चालतो, समोरच्याला कळलं पाहिजे. रोज अर्धा तास मोठ्यानं इंग्लिश वाच, आरशासमोर नको, माणसासमोर वाच.

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. मॅथ्स आहे पण फिजिक्स नाही. नातेवाईक म्हणतात मुलीला कशाला एवढा खर्च, उद्या लग्न झालं की संपलं. – एक आई, नाशिक रोड

ताई, फिजिक्सचं सोपं आहे. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, पण एनआयओएसमधून, म्हणजे ओपन स्कूलमधून, राहिलेला विषय देता येतो. कितीतरी पायलट असेच आलेत.

नातेवाइकांना सांगा, १९८५ साली कोलकाता ते सिलचर फोकर विमान सगळ्या बायकांच्या क्रूनं नेलं त्याच्या कमांडर होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. आज आपल्या देशात पायलटमध्ये बायका साधारण १५ टक्के आहेत, जगात तो आकडा ५ च्या आसपास आहे. माझ्या शेजारच्या सीटवर मुलगी असली तर मला आता वेगळं काही वाटत पण नाही, उलट चेकलिस्ट नीट होते.

लग्नाचं म्हणाल तर रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, हीच खरी सासू आहे, आणि ती पोरालाही तेवढीच. पहाटे पाचची फ्लाइट असेल तर अडीचला उठायचं, दिवाळीत सुट्टी मिळेलच असं नाही, गणपतीत तर विसराच. नवीन नियमात आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झालीय, वर्षात १००० तासांवर उडता येत नाही, तेवढा दिलासा. मुलीला एवढंच विचारा की हे चालणार आहे का. तिचं उत्तर ऐका, आत्याचं नको.

प्रश्न : चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना मायनस अडीच. चालेल का? – एक विद्यार्थी, चिपळूण

चालेल. चष्म्यानं नीट दिसलं पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत. मी स्वतः लावतो, जास्तीचा एक बॅगेत ठेवावा लागतो. लेझर करायचं डोक्यात असेल तर मेडिकलच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नकोस.

प्रश्न : वय ३१, हिंजवडीत आयटीत आहे, महिन्याला सव्वा लाख हातात. लहानपणीचं स्वप्न आहे. उशीर झालाय का? – एक वाचक, वाकड

नियमानं नाही. सीपीएलला किमान १८ वय लागतं, आणि एअरलाइनमध्ये ६५ पर्यंत उडता येतं. पण हिशोब कर. ट्रेनिंगला दोन-अडीच वर्षं, नोकरी लागायला किती ते देव जाणे, म्हणजे उजव्या, को-पायलटच्या सीटवर बसेपर्यंत पस्तिशी. काही कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅमला, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या ट्रेनिंग योजनेला, वयाची अट असते ती आधी वाच. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं लायसन, लागतं, त्याला १५०० तास, म्हणजे चाळिशी. सुरुवातीचा पगार तुझ्या आत्ताच्या पगारापेक्षा फार जास्त नसेल, ट्रेनिंगच्या काळात तर कमीच. आणि दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, इंजिन बंद, आग, सगळं एकाच संध्याकाळी. घराचा ईएमआय चालू असेल तर घाई नको. आधी एखाद्या रविवारी फ्लाइंग क्लबात अर्ध्या तासाची ट्रायल फ्लाइट घे. उन्हाळ्यात दुपारी घे, सेसना, ते छोटं विमान, हलतं तेव्हा स्वप्नातल्या बऱ्याच गोष्टी पोटातून वर येतात. तरीही उतरल्यावर हसत असलास तर मला परत लिही.

प्रश्न : मुलगा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. सर्दी झाली म्हणून मी होमिओपॅथीचे थेंब दिले तर चिडला. काय चुकलं माझं? – एक आई, डोंबिवली

काकू, चुकलं काही नाही, तुम्हाला माहीत नव्हतं. त्या थेंबांमध्ये अल्कोहोल असतं. ड्युटीच्या आधी आम्हाला नळीत फुंकावं लागतं आणि मशीनमध्ये शून्यच यावं लागतं, त्यात सापडला तर पहिल्याच वेळी लायसन तीन महिने सस्पेंड. अल्कोहोल असलेलं माउथवॉशसुद्धा आम्हाला वापरायला बंदी आहे. साबुदाण्यासारख्या गोळ्यांवर पण तेच औषध सोडलेलं असतं, त्या पण नको. कुठलंही औषध त्यानं कंपनीच्या डॉक्टरला विचारूनच घ्यायचं. सर्दी जोरात असेल तर तो उडणारच नाही, कान दुखतात खाली येताना. तोवर हळदीचं दूध द्या, वाफ द्या, गवती चहा द्या, आणि चिडल्याबद्दल त्याला भांडी घासायला लावा.