संपण्याची वेळही लिही

दहिसर, २ ऑगस्ट २०२६

पोरी,

तुझा मेसेज वाचला. आपल्या गिरगावच्या वाडीच्या कार्यक्रमांची यादी यंदा तुझ्या गळ्यात पडली म्हणतेस, आणि ‘काका, सुरुवात कुठून करू’ असं विचारतेस. फोनवरच सांगणार होतो, पण मी फोनवर भरकटतो असं तुझी काकू म्हणते. कागदावरही भरकटेन, पण निदान तुला मधलं गाळून वाचता येईल.

तू पाठवलेली यादी चष्मा पुसून दोनदा बघितली. श्रावणातल्या मंगळागौरीच्या खेळांपासून पाडव्याच्या शोभायात्रेपर्यंत एकवीस कार्यक्रम! आम्ही ऐन भरात असतानाही नऊच्या वर गेलो नव्हतो, तेव्हा हुरूप बघून बरं वाटलं. पण ही यादी तू वाडीत राहणाऱ्यांसाठी केली आहेस. वाडीत आता राहतंय कोण, ते एकदा मोजलंस का?

आमच्या चाळीत बेचाळीस बिऱ्हाडं होती. चाळ खाली झाली तेव्हा कोण भाईंदरला गेलं, कोण विरारला, कोण डोंबिवलीला. मी इथे दहिसरला भाड्याच्या दोन खोल्यांत. नवी इमारत झाली की परत येऊ असं सगळेच म्हणतो. तोवर गिरगावकर म्हणजे अर्धे लोकलमधून येणारे, हे धरून चाल. आणि तीस वर्षं वाडीच्या तोंडाशी फळा लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला चार वर्षांपूर्वी, इथे आल्यावर, पहिल्यांदा कळलं की आपण फळ्यावर काय लिहीत नव्हतो.

सुरू होण्याची वेळ लिहायचो. संपण्याची कधीच नाही.

वाडीत राहत होतो तेव्हा ती लागायची कुणाला? कंटाळा आला की उठायचं, जिना चढायचा, गॅलरीतून उरलेलं ऐकायचं. आता मी कार्यक्रमाला निघतो तेव्हा काकू विचारते, ‘येणार किती वाजता?’ मला सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणून पाचातले तीन कार्यक्रम मी टाळतो. गुडघा हे नुसतं निमित्त.

२००६ सालचा एक प्रसंग सांगतो, त्यात चूक सर्वस्वी माझी होती. गणपतीतला सुगम संगीताचा कार्यक्रम. फळ्यावर मी ठसठशीत लिहिलं होतं, ‘रात्री ठीक ८ वाजता’. प्रमुख पाहुणे सव्वानऊला उगवले. मग दीपप्रज्वलन, नारळ, शाल, पाहुण्यांचं ‘मी दोनच शब्द बोलणार आहे’. गायिकेनं पहिला अभंग लावला तेव्हा घड्याळात नऊ चाळीस. दहाला हवालदार आला. बिचारा अदबीनं म्हणाला, ‘मास्तर, माईक बंद करा.’ गायिका बिनमाइकची दोन गाणी गायली, पण मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचेना. माणसं चुळबुळ करत उठली. विरारहून आमचे शाळेतले जुने मराठीचे सर खास आले होते. मंडपाच्या तोंडाशी चपला घालताना म्हणाले, ‘दोन गाणी ऐकायला चार तास मोडले रे.’ साउंडवाल्यानं पूर्ण पैसे घेतले, आणि ते योग्यच होतं.

तेव्हा प्रत्येक कार्यक्रमापुढे ‘७ ते ८.४५’ असं लिही. आणि एकदा लिहिलंस की पाळ. पाहुणे उशिरा आले तर त्यांना मध्यंतरात व्यासपीठावर घे, नारळ तेव्हा फुटेल. तू मंडळाच्या बैठकीत हे म्हणशील तेव्हा दोन-तीन चेहरे वाकडे होतील. होऊ देत.

आता नियमाचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस सरकार ठरवतं, आपण नाही. त्यामुळे ‘गणपतीत सगळं चालतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलव आणि त्या दिवसांची सरकारी यादी मागवून घे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. हॉस्पिटल, शाळा आणि कोर्टाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. आपल्या नाक्यावरून हॉस्पिटल किती पावलांवर आहे ते तुला ठाऊक आहेच. मंडपाची परवानगी पालिकेची, माइकची पोलिसांची. दोन्ही कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स काढून एक मंडपात लाव. हवालदार बदलतो, नव्याला पुन्हा दाखवावं लागतं.

तारखांकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आला, सगळे सण लांबले. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी. अनंत चतुर्दशी २५ ला, शुक्रवारी. बारा दिवसांत शनिवार-रविवार मिळतोय एकच, १९ आणि २० तारखेचा. तुझ्या यादीत त्या रविवारी ‘सत्यनारायण व महाप्रसाद’ आहे आणि ज्येष्ठांचा सत्कार बुधवारी. उलटं कर. सत्कार होणारे सगळे ज्येष्ठ बोरिवलीच्या पुढे राहतात. बुधवारी संध्याकाळी सहाला गर्दीच्या उलट दिशेनं ते येतीलही, पण परत जाताना त्यांना गाडीत चढवणार कोण? प्रसाद घ्यायला वाडीतली आणि आजूबाजूची माणसं बुधवारीही येतील.

गौरींच्या दिवसांत बायकांची पाककला स्पर्धा ठेवली आहेस. ही कल्पना नक्की पुरुषाची. त्या दिवशी पाककला घरोघरी चालूच असते, स्पर्धेला वेळ कुणाला आहे? ती श्रावणात घे. १३ ऑगस्टला श्रावण लागतो, मंगळवार चार मिळतात. मंगळागौरीचा कार्यक्रम त्यातल्या एकाच मंगळवारी कर, पण बाहेरून मानधन देऊन संच बोलावण्याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना विचार. झिम्मा, फुगड्या, पिंगा त्यांना सगळं येतं. मुलींना चार दुपारी शिकवू देत. संच दीड तासात उरकून निघून जातो. आजींकडून शिकलेल्या मुली भोंडल्यालाही येतील.

कोजागिरी यंदा २५ ऑक्टोबरला, रविवारी. रविवारी रात्री जागरण म्हणजे सोमवारी ऑफिस. दुधाचा कार्यक्रम आठला सुरू करून साडेनऊला संपव. चंद्र काही मध्यरात्रीची वाट बघत बसत नाही. गच्ची असेल तर माईक नकोच.

५ नोव्हेंबरची एकांकिका मात्र काढून टाक. रंगभूमी दिन आहे हे खरं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तो हा दिवस. पण यंदा लक्ष्मीपूजन ८ तारखेला आहे. ५ ला गुरुवार, घरोघरी चकल्यांचा सोऱ्या फिरत असणार. मुलं तरी तालमीला येतील का? डिसेंबरात घे. शिवाय संहितेला सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, लेखकाची लेखी परवानगी लागते, आणि दोन्हीला वेळ लागतो. ‘आपल्याच वाडीत तर करतोय’ हे उत्तर चालत नाही. प्रयोग चांगला बसला तर पुढच्या वर्षी केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर करायचं स्वप्न बघ. ती १९३५ ची संस्था आहे, तिथल्या फळ्यांवर उभं राहिलं की पोरांचे आवाज आपोआप मोकळे होतात. मी तिथे एकदाच उभा राहिलोय, तोही पडदा ओढायला.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, शनिवार आहे, उत्तम. फक्त दहावी-बारावीचे दिवस असतात. अभिवाचन बंद खोलीत घे, शाळेचा वर्ग मिळाला तर बघ. पाडवा ७ एप्रिलला. फडके गणपतीच्या देवळापासून यात्रा निघते, तिची सगळी जबाबदारी मोठ्यांकडे आहे, तू त्यात लक्ष घालू नकोस. फक्त ढोलाचा सराव कुठे आणि किती वाजेपर्यंत, तेवढं आत्ताच लिहून घे. परीक्षेच्या तोंडावर खिडकीखाली ढोल वाजला की शिव्या पथकाला नाही, वाडीला बसतात.

एक गोष्ट तुझ्या यादीत नाहीच. खोताची वाडी आपल्यापासून पाच मिनिटांवर. ती लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने बघायला दुनिया येते, फोटो काढते, जाते. तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांना आपण गणपतीचा प्रसाद पाठवतो आणि नाताळात त्यांचे कंदील बघून येतो, बस. मुलांच्या चित्रकलेला तिथली मुलं बोलाव. नव्या टॉवरमधली गुजराती, मारवाडी मुलंही बोलाव. विषय ‘माझा गणपती’ नको, ‘माझ्या खिडकीतून’ ठेव. चित्र काढायला मराठी यावं लागत नाही. फक्त खाऊच्या पाकिटात काय आहे ते आधी विचारून घे; गेल्या खेपेला बटाटेवडे दिले आणि जैन घरातली तीन मुलं नुसती बघत बसली होती. चिक्की दिली असती तर काय बिघडलं असतं?

मोठं करण्याच्या मोहात पडू नकोस. कुणीतरी तुला म्हणेलच की काळा घोड्यासारखं करू. तो महोत्सव १९९९ पासून चालतो, नऊ दिवसांचा, सगळ्या शहरासाठी, त्यामागे मोठी यंत्रणा आहे. आपल्यामागे पावतीपुस्तक आहे. केशवजी नाईकांच्या चाळीत बघ. १८९३ पासूनचा गणपती, १९०१ साली टिळक तिथे येऊन गेले, आणि अजून शाडूची लहान मूर्ती पालखीतून येते. उंचीच्या शर्यतीत ते उतरले नाहीत म्हणून त्यांचं काय अडलं? एकवीसचे अकरा कर. जे दहा गाळशील त्यांचे पैसे उरलेल्यांत खुर्च्या, पाणी आणि एका चांगल्या माइकला घाल. आवाज किरकिरला की कलाकार कितीही मोठा असो, माणसं मोबाइल काढतात.

जाहिरातीचं थोडक्यात. फ्लेक्सवर सोळा चेहरे आणि वेळ मुंगीएवढी, असला फ्लेक्स लावू नकोस. देणगीदारांची नावं मंडपात वेगळ्या पाटीवर घाल. मेसेज पंधरा दिवस आधी एक, दोन दिवस आधी एक. गेल्या वर्षी मला आठच्या कार्यक्रमाचा निरोप सातला आला. दहिसरहून मी काय उडत येऊ? मेसेजमध्ये काय, कुठे, किती ते किती, आणि आत कुठून शिरायचं. हे शेवटचं महत्त्वाचं. चाळ पडल्यापासून जुनी दारं पत्र्यांनी बंद आहेत. तुला रोजच्या सवयीनं वाट ठाऊक आहे, चार वर्षांनी येणाऱ्या बाईला नाही. चर्नी रोडवरून कसं यायचं आणि मेट्रोच्या गिरगाव स्टेशनवरून कसं, दोन्ही लिही. गेल्या ऑक्टोबरपासून मेट्रोनं येणारेही बरेच झालेत. पण ती लोकलसारखी मध्यरात्रीपर्यंत चालत नाही, हेही ध्यानात ठेव. स्वच्छतागृह कुठे आहे ते लिही. हसू नकोस, माझ्या वयाचं माणूस येण्याआधी हाच प्रश्न मनात घोळवतं आणि विचारत मात्र नाही.

आणि फळा बंद करू नकोस. ग्रूपवर दोनशे निरोप रोज पडतात, त्यातला कार्यक्रमाचा कुठला ते शोधत बसावं लागतं. फळा येता-जाता दिसतो, भाजीवालीही वाचते, कुरिअरवालाही. खडू अर्धा तास पाण्यात बुडवून ठेव आणि ओल्यानं लिही. लिहिताना अक्षर दिसत नाही, फळा नुसता ओला वाटतो, धीर सुटतो. वाळलं की पांढरंशुभ्र उमटतं आणि हात लागला तरी सहजी पुसत नाही. आधी कोरड्या खडूनं पुसट रेघा मार, नाहीतर ओळी उजवीकडे उतरतात. माझ्या तीस वर्षं उतरत होत्या. वेळेसाठी पिवळा खडू.

मी रविवारी १६ तारखेला येतोय, अकराच्या सुमारास. पणशीकरांकडे पियूष पिऊ, मग अकरा कुठले ठेवायचे ते बसून ठरवू. काकूला दीडपर्यंत परततो असं सांगून निघणार आहे, तेव्हा बाराला मला सोड.

अनेक आशीर्वाद,
काका

ता. क. फळ्याची शिडी मीटर-खोलीच्या मागे आहे. दुसरी पायरी सैल आहे, तिच्यावर पाय देऊ नकोस.