अंजायनाच्या गोळीने हृदयातला ब्लॉक उघडतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना चढ चढताना छातीत दाबल्यासारखं होतं (यालाच अंजायना म्हणतात), जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवली की काही मिनिटांत बरं वाटतं. मग ती गोळी अरुंद झालेली धमनी उघडते का, आणि हृदयाच्या चयापचयात तिने काय फरक पडतो?

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. ब्लॉक जिथल्या तिथे राहतो. आराम पडतो तो मुख्यतः हृदयावरचं ओझं उतरल्यामुळे.

हृदयाचा स्नायू आपण शांत बसलेलो असतानाही त्याच्याकडे येणाऱ्या रक्तातला 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेतो. त्यामुळे काम वाढलं की जास्तीचा ऑक्सिजन मिळवायला रक्ताचा प्रवाहच वाढावा लागतो, आणि अरुंद धमनी तेच होऊ देत नाही. एरवी हृदय बरीचशी ऊर्जा फॅटी ॲसिड जाळून मिळवतं, रक्तातलं लॅक्टेटसुद्धा इंधन म्हणून वापरतं. ऑक्सिजन कमी पडला की ग्लुकोज अर्धवटच मोडलं जातं आणि लॅक्टेट साठू लागतं. अशा वेळी करोनरी सायनसमधून, म्हणजे हृदयाच्या स्नायूतून परतणाऱ्या रक्ताचा नमुना घेतला, तर त्यात आत जाणाऱ्या रक्तापेक्षा लॅक्टेट जास्त सापडू शकतं. स्नायू सैल पडायलाही एटीपी, म्हणजे पेशी वापरतात तो ऊर्जेचा रेणू, लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ते अपुरं पडलं की डावा कप्पा नीट सैल पडत नाही, आतला दाब चढतो आणि दुखण्याबरोबर धापही लागते.

आता गोळीकडे येऊ. नायट्रोग्लिसरीनपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करतं. नेहमीच्या मात्रेत सर्वात जास्त सैलावतात त्या शिरा. पायांत आणि पोटात रक्त थोडं थांबून राहतं, हृदयाकडे कमी परततं. डावा कप्पा कमी फुगतो, त्याच्या भिंतीवरचा ताण घटतो आणि ऑक्सिजनची गरज उतरते. शिवाय आतला दाब कमी झाल्यामुळे भिंतीच्या सर्वात आतल्या थरातल्या बारीक वाहिन्यांवरचा दाब हलका होतो. उपासमार आधी त्याच थराची होते, म्हणून हा फायदा मला फार मोलाचा वाटतो. गरज आणि पुरवठा जुळले की लॅक्टेट पुन्हा इंधन म्हणून वापरलं जाऊ लागतं.

याचा सुंदर पुरावा 1972 मध्ये मिळाला. गँझ आणि मार्कस या संशोधकांनी पेसिंगने, म्हणजे विजेच्या सूक्ष्म झटक्यांनी, रुग्णांच्या हृदयाचे ठोके वाढवून अंजायना आणला. नायट्रोग्लिसरीन थेट करोनरी धमनीत, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, सोडलं, तर दुखणं थांबलं नाही. शिरेतून सगळ्या शरीरात दिलं, तेव्हा थांबलं.

तरी करोनरी धमन्यांवर परिणाम होतच नाही असं म्हणणं चूक ठरेल. मोठ्या धमन्या आणि ब्लॉकला वळसा घालून रक्त नेणाऱ्या आडवाटेच्या वाहिन्या थोड्या रुंदावतात. आणि अंजायना धमनीच्या आकडीमुळे, म्हणजे ती अचानक आवळल्यामुळे, असेल, तर ती सुटणं हाच मुख्य उपचार.

पण वाहिन्या रुंदावणारं प्रत्येक औषध अंजायनात उपयोगी पडेलच असं नाही. झटकन काम करणारं निफेडिपिन रक्तदाब एकदम पाडतं, प्रतिक्रिया म्हणून ठोके वाढतात आणि ऑक्सिजनची गरज उलट चढते. अॅम्लोडिपिन सावकाश काम करतं, म्हणून हा त्रास सहसा होत नाही. डिपिरिडॅमोल निरोगी भागातल्या बारीक वाहिन्या उघडतं. ब्लॉकच्या पुढच्या वाहिन्या आधीच पूर्ण उघडलेल्या असतात, त्यामुळे रक्त त्यांच्याकडून निरोगी भागाकडे ओढलं जाऊ शकतं. याच गुणामुळे ते हृदयाच्या तपासणीत वापरतात. ट्रायमेटाझिडिन मात्र वाहिन्यांना हातच लावत नाही. ते फॅटी ॲसिडचं ज्वलन कमी करून स्नायूला ग्लुकोजकडे वळवतं, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोजपासून एटीपी जास्त मिळतं.

दीर्घकाळ टिकणारी नायट्रेट (नायट्रोग्लिसरीनच्याच गटातली औषधं) चोवीस तास अंगात राहिली तर त्यांचा असर ओसरतो, म्हणून डॉक्टर दिवसातले 10 ते 14 तास मोकळे ठेवतात. वेळापत्रक आपल्या मनाने बदलू नका.

वडिलांना गोळी बसूनच घ्यायला सांगा, उभ्याने चक्कर येऊन पडायची भीती असते. ते सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल (लैंगिक दुर्बलतेवरची औषधं) घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. आणि गोळीनंतर 5 मिनिटांत दुखणं कमी झालं नाही, किंवा वाढलं, तर वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.