पुराचं पाणी, घराचा उंबरा आणि विमा : तुमचे प्रश्न

पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या गावांतून घराच्या विम्याबद्दल बरेच प्रश्न आलेत, जे परत परत विचारले जातात तेवढे आज घेतो. या भागात विम्याचं काम करताना दोन्ही पूर बघितलेत, २०१९ चा आणि २०२१ चा, त्यामुळे जरा तळमळीनं लिहिणार आहे.

प्रश्न : आमचं घर शिरोळ तालुक्यात, नदीपासून लांब. २००५ ला पाणी आलं नव्हतं, २०१९ ला पहिल्यांदा घरात शिरलं. वडील म्हणतात असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, आता विमा कशाला?

वडिलांचं चुकत नाही, पण त्या "शंभर वर्षां"चा अर्थ आपण सगळेच चुकीचा लावतो. जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. याचा अर्थ एकदा येऊन गेला की ९९ वर्षं सुट्टी असा नाही, दर पावसाळ्यात शंभरात एक एवढी शक्यता असते आणि पुढच्या वर्षी ती परत तेवढीच. २० वर्षांचं होमलोन धरलं तर तेवढ्या काळात लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता १८ टक्के होते, आणि निळ्या रेषेवरच्या घराला तर ५५ टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच जास्त. आणि आपल्याकडं काय झालं बघा, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ ला पाणी ५५ च्या वर गेलं आणि दोनच वर्षांनी २०२१ ला ५६ च्या वर.

शिरोळची गोष्ट अजून वेगळी आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तटतं आणि सपाट रानात पसरत जातं. म्हणून तुमच्याकडं पाऊस उघडला, ऊन पडलं तरी पाणी चढतच राहतं आणि उतरायला आठवडा लागतो. नदीपासून अंतर किती हे बघू नका, उंबऱ्याची उंची बघा. माझं एक सांगणं आहे, २०१९ ला आणि २०२१ ला भिंतीवर पाणी जिथवर आलं तिथं ऑइलपेंटनं रेघ मारून ठेवा आणि त्या दिवशी बंधाऱ्यावर किती फूट होतं ते शेजारी लिहा. मग पुढच्या वेळी मोबाईलवर "५० फूट" असा मेसेज आला की आपल्या घराला किती वेळ उरलाय ते घरातल्या लहान पोरालाही कळेल. सांगलीकरांनी हेच आयर्विन पुलाच्या फुटांवरून करावं, तिथं धोका पातळी ४५ फूट आहे.

विमा घ्यावा का? हो, घ्यावा.

प्रश्न : घरासाठी लोन काढलं तेव्हा बँकेनं विम्याचे पैसे कापून घेतले. मग आमचं घर सुरक्षित आहे ना?

कपाटातली पॉलिसी आजच काढून बघा. बऱ्याच जणांचा विमा कर्जदाराच्या जीवाचा असतो, म्हणजे कर्ज घेणारा माणूस गेला तर कर्ज फिटतं, भिंत पडली तर त्यातून एक रुपया येत नाही. पॉलिसी घराचीच असेल तर तीन गोष्टी बघा. मुदत संपली का, रक्कम फक्त कर्जाएवढी आहे का पूर्ण घर परत बांधायच्या खर्चाएवढी, आणि घरातलं सामान त्यात आहे का. एका घरात २०२१ ला मी स्वतः बघितलंय, पॉलिसी होती, हप्ता भरलेला होता, पण फक्त बांधकामाची, आणि फ्रीज, कपाट, गाद्या, वर्षभराचं धान्य सगळं गेलेलं. त्या माऊलीला काय सांगायचं ते सुचेना.

प्रश्न : आमचं जुनं मातीच्या भिंतीचं कौलारू घर आहे, मागं गोठा आणि गोबरगॅस आहे. विम्याची रक्कम किती टाकायची? जागेला तर चांगला भाव आहे.

जागेचा भाव विसरा, जागा वाहून जात नाही. घर पडलं तर आजच्या मजुरीत आणि आजच्या सिमेंट-विटेच्या दरात तेवढंच परत उभं करायला किती लागतील ती रक्कम धरायची. समजा ७०० चौरस फूट घर आहे आणि गावातला मिस्त्री फुटाला १,८०० म्हणतोय, तर १२ लाख ६० हजार.

१ एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावीच लागते, तीच नावानं मागा. पूर, वादळ, आग, भूकंप, दरड, जमीन खचणं हे त्यात मुळातच आहे, पुरासाठी वेगळं काही जोडावं लागत नाही. घराच्या विम्याबरोबर सामानाचा घेतला तर घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानाची यादी न देताही धरतात, म्हणजे वरच्या हिशोबात अडीच लाख. कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, सोलर, तुमचा गोबरगॅससुद्धा घरातच मोजला जातो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पूर्वी १० लाखाच्या घराचा ५ लाखाचाच विमा असला तर २ लाखाच्या नुकसानीला १ लाख हातात यायचा, ती कापाकापी या पॉलिसीत नाही, फक्त घराचं क्षेत्रफळ वगैरे माहिती खरी दिलेली पाहिजे.

काय येत नाही तेही ऐका. घरात ठेवलेली रोख रक्कम येत नाही, दागिन्यांसाठी वेगळं कव्हर मागून घ्यावं लागतं. म्हशी-गाईंचा विमा वेगळा, गाडीचा वेगळा, आणि पीक विमा भरला म्हणजे घर झालं असं अजिबात नाही (हा गैरसमज फार घरांत आहे). पुढच्या खोलीत किराणा दुकान असेल तर त्या मालासाठी छोट्या धंद्यांची वेगळी पॉलिसी असते.

फॉर्म भरताना भिंत मातीची असेल तर मातीचीच लिहा, आणि आधी पाणी आलं होतं का असं विचारलं तर आलं होतं म्हणून सांगा. एजंट घाईत "नाही"वर टिक करतो आणि नंतर क्लेम तिथंच अडकतो. सही तुमची असते.

प्रश्न : पूर आला की सरकार मदत देतंच, मग दरवर्षी पैसे का घालवायचे?

मदत मिळते आणि ती मिळालीच पाहिजे, तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा घरी थांबा. पण आकडे बघा. आपत्ती मदतीच्या २०२२ ते २६ च्या केंद्रीय निकषात सपाट भागातलं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, आणि थोडं पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५००. राज्य सरकार कधी वरून भर घालतं, २०२१ ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना १०,००० मिळाले होते. साडेबारा लाखाचं घर यात उभं राहत नाही. विमा असला म्हणून पंचनामा सोडायचा नाही, उलट त्याची नक्कल क्लेमला उपयोगी पडते.

प्रश्न : राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत, आत्ता पॉलिसी मिळेल का?

अवघड आहे. पाणी येताना दिसायला लागलं की कंपन्या हात आखडता घेतात, आणि पॉलिसी सुरू व्हायच्या आधी झालेलं नुकसान तर मिळतच नाही. विमा मे महिन्यात घ्यायचा. आत्ता कागदपत्रं, सोनं आणि जनावरं हलवा.

प्रश्न : पाणी ओसरल्यावर क्लेमसाठी नेमकं काय करायचं?

आधी कंपनीला फोन किंवा मेल, त्याच दिवशी, आणि क्लेम नंबर लिहून घ्या. लाईट जोडू नका, मातीची भिंत भिजून फुगलेली असते तिच्याजवळ झोपू नका, ती ऊन लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीसुद्धा बसते. मग चिखल काढायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा, आणि टीव्ही, फ्रीज, मोटर यांच्या मागच्या नंबराचे फोटो काढा. आपल्या बायका घर धुवायची घाई करतात, ते समजतं, वास सहन होत नाही, पण खराब झालेलं सामान सर्व्हेअर (नुकसान बघायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत अंगणात एका बाजूला ठेवा, फेकायचीच वेळ आली तर कंपनीला कळवून आणि फोटो काढून. घरपट्टीची पावती, आठ-अ चा उतारा, जुनी बिलं पुरात जातात म्हणून त्यांचे फोटो आजच बाहेरगावच्या भावाला नाहीतर लेकीला व्हॉट्सअॅप करून ठेवा. लग्नातले, बारशातले फोटो सुद्धा चालतात, मागं कपाट आणि टीव्ही दिसत असतो.

कंपनीनं क्लेम नाकारला किंवा ३० दिवसांत तक्रारीला उत्तरच दिलं नाही तर विमा नियामकाच्या (IRDAI) "बीमा भरोसा" पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि पुण्याला विमा लोकपाल आहेत (कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकून निकाल देणारे), तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकाराच्या पत्रापासून एक वर्षाच्या आत जायचं, म्हणून ते पत्र लेखी मागून घ्या, फोनवरच्या "होणार नाही"वर गप्प बसू नका.

ज्या ताईंनी कुरुंदवाडहून भाड्याच्या घराबद्दल विचारलंय त्यांना एवढंच, घरमालकाचा विमा असो-नसो, तुमच्या सामानाचा विमा तुम्ही तुमच्या नावानं वेगळा घेऊ शकता.