उपग्रहाधारित नियंत्रण सर्वेक्षण : वाचकांचे प्रश्न

भूमापनाच्या या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चारही पत्रांचा रोख जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रह प्रणालींचे संकेत घेणारे) रिसीव्हर वापरून नियंत्रण बिंदू, म्हणजे पुढची सारी मापे ज्यांच्या आधारे घ्यायची ते पक्के बिंदू, स्थापन करण्याच्या कामावर आहे. पहिल्या प्रश्नात बाकीच्यांचे मूळ असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : सर्वेक्षकाचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करून मी तीन वर्षे एका खासगी संस्थेत रोव्हरवर (हातात घेऊन फिरायच्या रिसीव्हरवर) काम करतो. कॉर्स केंद्रांच्या (सतत चालू असणाऱ्या कायम संदर्भ केंद्रांच्या) जाळ्याला जोडले की अर्ध्या मिनिटात ‘फिक्स’ मिळतो आणि पडद्यावर एक-दोन सेंटीमीटरची अचूकता दिसते. मग नियंत्रण बिंदूंसाठी तासन्‌तास स्टॅटिक (रिसीव्हर एकाच जागी स्थिर ठेवून घेतलेली) निरीक्षणे का घ्यायची? हे काम नीट शिकायचे असेल तर सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : पडद्यावर दिसणारा आकडा नेमके काय सांगतो, ते आधी पाहू. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि त्यांच्या एल-१ लहरीची लांबी साधारण १९ सेंटीमीटर असते. आलेल्या लहरीचा अपुरा भाग रिसीव्हर मिलिमीटरच्या पातळीवर मोजू शकतो. पण उपग्रहापासून अँटेनापर्यंत अशा पूर्ण लहरी किती होत्या, हे त्याला थेट कळत नाही. ती पूर्णांक संख्या गणिताने ठरवावी लागते आणि ती ठरली असे यंत्राला वाटले की पडद्यावर ‘फिक्स’ येतो. संख्या चुकीची ठरली तरी पडद्यावरची अचूकता एक-दोन सेंटीमीटरच दिसते, कारण तो आकडा निरीक्षणे एकमेकांशी किती जुळतात एवढेच सांगतो. ती सत्याशी किती जुळतात, हे त्यातून कळत नाही. पत्र्याची शेड, पाण्याची टाकी किंवा देवळामागची चिंच यांच्यामुळे परावर्तित किंवा खंडित लहरी येत असतील, तर चुकीचा फिक्स मिळण्याचा धोका वाढतो. तास-दोन तासांच्या निरीक्षणात उपग्रह आकाशात बरेच सरकतात, त्यांची भौमितिक रचना बदलते, परावर्तनाचा परिणाम बराचसा सरासरीत विरतो आणि चुकीच्या पूर्णांकाला टिकाव धरणे कठीण जाते. रस्त्याच्या कडा, विहिरी, बांध यांच्या तपशिलासाठी रोव्हर उत्तमच आहे, परंतु ज्या बिंदूवर पुढची शेकडो मापे उभी राहणार त्याच्यासाठी हा वेळ द्यायलाच हवा.

तरीही केवळ अधिक वेळ बसल्याने नियंत्रण सर्वेक्षण होत नाही. या कामाचा गाभा स्वतंत्र पडताळणीत आहे आणि शिकणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमजही तेथेच होतो. समजा, तीन रिसीव्हर एकाच वेळी तीन बिंदूंवर लावले. सॉफ्टवेअर तीन बेसलाइन (दोन बिंदूंना जोडणाऱ्या मोजलेल्या रेषा) काढून देईल, त्रिकोण मिलिमीटरमध्ये मिटलेला, म्हणजे तिन्ही बाजू फिरून पुन्हा मूळ बिंदूवर आलेला, दाखवील आणि आपल्याला समाधान वाटेल. प्रत्यक्षात त्या सेशनमध्ये (एका वेळच्या सलग निरीक्षणात) स्वतंत्र बेसलाइन दोनच असतात, तिसरी त्याच निरीक्षणांतून निघालेली असते. रिसीव्हर चार असतील तर रेषा सहा दिसतात, पण स्वतंत्र तीनच. एकाच सेशनमधल्या रेषांनी केलेला त्रिकोण मिटणारच होता आणि म्हणून त्याचे मिटणे हा पुरावा नव्हे. पडताळणी घडण्यासाठी त्रिकोणाच्या बाजू वेगवेगळ्या सेशनमधून याव्या लागतात.

त्याहूनही खोल एक गोष्ट मला स्वतःच्या चुकीतून कळली. अनेक वर्षांपूर्वी एका कालव्याच्या कामात एका बिंदूवर अँटेनाची उंची टेपवर वाचताना माझी दहा सेंटीमीटरची चूक झाली. पुढच्या सेशनसाठी मी तिपाई तशीच उभी ठेवली आणि पत्रकावर तीच उंची पुन्हा लिहिली. बेसलाइन वेगवेगळ्या सेशनमधल्या होत्या, जाळे सुरेख मिटले आणि अहवाल निर्दोष दिसला. पहिल्या रेषेत ती चूक एका दिशेने शिरली होती आणि दुसऱ्या रेषेत उलट दिशेने, त्यामुळे बेरजेत ती नाहीशी झाली. लेव्हलिंगचे (लेव्हल यंत्र आणि मापपट्टीने उंचीतले फरक मोजणारे) पथक त्या बिंदूवर आले तेव्हाच ती उघड झाली. तेव्हापासून सेशन बदलला की तिपाई हलवून पुन्हा केंद्रित करायची, उंची तीन बाजूंनी नव्याने मोजायची, ती तिरकी आहे की उभी हे पत्रकावर लिहायचे आणि सेशनच्या शेवटी तीच उंची पुन्हा तपासायची, हे मी कधीही सोडलेले नाही.

सुरुवात कोठून करावी, याचे माझे उत्तर या अनुभवातूनच निघते. दोन रिसीव्हर सुट्टीच्या दिवशी वापरायला मिळत असतील तर गावाच्या परिसरात तीन-चार किलोमीटर बाजूचा त्रिकोण निवडा आणि त्याच्या तीन बाजू तीन वेगळ्या सेशनमध्ये मोजा. दोनच रिसीव्हर असल्याने प्रत्येक बाजू आपोआप स्वतंत्र होते. नंतर घरी बसून प्रक्रिया करताना एका सेशनमध्ये एका बिंदूची उंची मुद्दाम दहा सेंटीमीटर चुकवून भरा आणि त्रिकोण किती उघडतो ते पाहा. मग तीच चूक त्या बिंदूच्या दोन्ही सेशनमध्ये भरा आणि त्रिकोण पुन्हा कसा मिटतो तेही पाहा. हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने केलेला माणूस सॉफ्टवेअरच्या हिरव्या खुणेवर भाबडेपणाने विसंबत नाही, असे मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिले आहे.

यानंतरची पायरी जाळ्याच्या अ‍ॅडजस्टमेंटची, म्हणजे मापांतले छोटे फरक गणिताने वाटून सारे जाळे एकसंध करण्याची. न्यूनतम वर्ग पद्धतीने जाळे सोडवताना पहिल्या फेरीत एकच बिंदू स्थिर धरावा, म्हणजे उरणारे फरक फक्त आपल्या निरीक्षणांचे असतात. ते पसंत पडल्यावरच इतर ज्ञात बिंदू स्थिर करावेत. फरक दुसऱ्या फेरीत एकदम फुगले, तर दोष बहुधा आपल्या निरीक्षणांत नसून ज्ञात बिंदूत किंवा त्याच्या चौकटीत (त्याचे सहनिर्देशक ज्या संदर्भप्रणालीत दिले आहेत तीत) असतो. अनेक जण सारे ज्ञात बिंदू पहिल्याच फेरीत स्थिर करतात आणि मग चूक कोणाची हे शोधण्याचा मार्ग स्वतःच बंद करतात.

जुना बिंदू न जुळण्याचे एक कारण आपल्याकडे नेहमी विसरले जाते. भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर सरकतो आहे. ऑस्ट्रेलियाच्या ऑसपॉससारख्या सेवेकडे निरीक्षणांची फाइल पाठवली की आयटीआरएफ या जागतिक चौकटीतले, निरीक्षणाच्या दिवसाचे सहनिर्देशक मिळतात. ते वीस वर्षांपूर्वीच्या कालासाठी दिलेल्या सहनिर्देशकांशी ताडले तर जवळजवळ एक मीटरचा फरक दिसेल आणि तरीही दोन्ही बरोबर असतील. म्हणून सहनिर्देशकांसोबत चौकटीचे नाव आणि काल लिहिलेला नसेल तर तो बिंदू मी ज्ञात मानत नाही.

जागेविषयी थोडे. देशावरच्या काळ्या मातीत, ती कितीही सोयीची असली तरी, नियंत्रण बिंदूचा दगड वरच्या थरात बसवू नये. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दगड वरखाली होतो. मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली जावे, शक्य असल्यास उघड्या कातळावरच खूण करावी. निरीक्षणाच्या वेळेबद्दल सांगायचे तर, आपला प्रदेश चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने सूर्यास्तानंतरच्या काही तासांत आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) खळबळ होऊन संकेत तुटण्याचे प्रकार घडतात, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास. लांब बेसलाइनची सेशन दिवसा संपवावीत.

प्रश्न : अहिल्यानगर शहराजवळच्या रस्त्याच्या कामात दोन नियंत्रण बिंदूंमधले अंतर टोटल स्टेशनने (कोन व अंतर मोजणाऱ्या यंत्राने) बरोबर २,००० मीटर आले. जीएनएसएसने मिळालेल्या यूटीएम (पृथ्वी विभागवार सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) सहनिर्देशकांवरून तेच अंतर सुमारे ९६ सेंटीमीटर कमी येते. दोन्ही यंत्रे नुकतीच तपासून आणली आहेत. चूक कोठे आहे? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : चूक कोठेही नाही, हे प्रथम आपल्या अभियंत्यांना सांगा, म्हणजे यंत्रे पुन्हा तपासणीला जाणार नाहीत. वक्र पृथ्वी सपाट कागदावर मांडताना अंतरे ताणली किंवा आकसली जातातच. यूटीएममध्ये विभागाच्या मध्यवर्ती रेखांशावर प्रमाण ०.९९९६ ठेवलेले आहे, म्हणजे तेथे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटर कमी दिसतात. आपला जिल्हा ४३ व्या विभागात येतो आणि त्याचा मध्यवर्ती रेखांश ७५ अंश पूर्व आहे. आपले शहर त्याच्या अगदी जवळ असल्याने ही घट तेथे किलोमीटरला सुमारे ३९ सेंटीमीटर होते. शिवाय आपली जमीन गणिती पृष्ठभागापासून साधारण ५८० मीटर उंच आहे आणि तेवढ्या उंचीवरचे अंतर खाली उतरवताना किलोमीटरला आणखी नऊ सेंटीमीटर कमी होतात. एकूण ४८, म्हणजे दोन किलोमीटरला ९६. आपले मोजमाप किती काळजीपूर्वक झाले आहे, हे या जुळणीतून दिसते.

हा फरक महाराष्ट्रभर सारखा नसतो. मुंबईत तर चिन्हच उलटते आणि तेथे यूटीएमवरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरला वीस सेंटीमीटरांच्या आसपास जास्त येते. ७८ अंश रेखांशावर विभाग बदलतो, त्यामुळे अमरावती ४३ व्या विभागात आणि नागपूर ४४ व्या विभागात पडते. विदर्भातल्या लांब पट्ट्याच्या कामात हे सुरुवातीलाच लक्षात घ्यावे. आपल्या कामापुरता उपाय असा की प्रकल्पासाठी एकच संयुक्त प्रमाण गुणक (यूटीएमचे प्रमाण आणि उंची या दोन्हींचा मिळून) ठरवून तो प्रत्येक आराखड्यावर लिहावा. गुणक लावलेले सहनिर्देशक मूळ यूटीएमसारखेच दिसू नयेत म्हणून त्यांच्या पूर्व आणि उत्तर आकड्यांतून एखादी मोठी पूर्ण संख्या वजा करून टाकावी, नाहीतर दहा वर्षांनी कोणीतरी ते खरे यूटीएम समजून वापरील.

प्रश्न : अलिबागजवळ किनाऱ्यावर रिसीव्हर लावला असता उंची उणे साठ मीटरच्याही खाली दाखवते. ही उंची दुरुस्त करून पाणीपुरवठ्याच्या आणि कालव्याच्या कामाला वापरता येईल का? (एक वाचक, रायगड जिल्हा)

उत्तर : रिसीव्हर जी उंची देतो ती डब्ल्यूजीएस ८४ च्या इलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते. पाणी त्या आकाराला ओळखत नाही. ते गुरुत्वाकर्षणाने ठरलेल्या समपातळीला, म्हणजे जिऑइडला धरून वाहते. भारतीय द्वीपकल्पात आणि त्याच्या दक्षिणेच्या समुद्रात जिऑइड इलिप्सॉइडच्या बराच खाली आहे आणि आपल्या किनाऱ्यावर हा फरक साठ-सत्तर मीटरांचा आहे. त्यामुळे समुद्रकाठी उभे असताना उणे उंची दिसणे योग्यच आहे.

जिऑइडच्या जागतिक प्रारूपाने ही उंची समुद्रसपाटीच्या जवळ आणता येते, पण कालव्यासाठी तेवढे पुरेसे नाही. दहा हजारास एक असा उतार असलेल्या कालव्यात एका किलोमीटरला फक्त दहा सेंटीमीटर उतार मिळतो. प्रारूपातली काही सेंटीमीटरांची चूक आणि उंचीच्या निरीक्षणातली, जी आडव्या निरीक्षणापेक्षा नेहमीच जास्त असते, ती चूक एकत्र आल्या तर उतार सपाट होईल किंवा उलटेल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कच्या (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणांच्या) जुन्या उंची १९०९ च्या समायोजनातून, नऊ भरतीमापन केंद्रांवर ठरलेल्या सरासरी समुद्रसपाटीपासून आल्या आहेत. आपल्या कामाच्या दोन्ही टोकांना आणि मध्येही अशा बेंचमार्कवर जीएनएसएस निरीक्षणे घेऊन प्रारूप स्थानिक पातळीवर बसवावे आणि कालव्याच्या मार्गावर जातायेता दुहेरी लेव्हलिंग करावे. दाबाखालच्या जलवाहिनीला उपग्रहाधारित उंची बहुधा पुरते. उघड्या कालव्याला मात्र लेव्हल आणि स्टाफ हवाच.

प्रश्न : बांधाचा वाद आहे. खासगी सर्वेक्षकाकडून अत्यंत अचूक नियंत्रण सर्वेक्षण करून घेतले तर हद्द कायम होईल का? (एक शेतकरी वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : होणार नाही आणि त्यासाठी आपण मोठा खर्च करू नये, असे मला मनापासून वाटते. उपग्रह आपल्याला बिंदूची जागा सांगतात, हद्द कोठे ठरली होती हे सांगत नाहीत. ते टिपण, फाळणी नकाशा, गटाचा नकाशा आणि जागेवरच्या जुन्या खुणा यांतून ठरते. आपल्याकडची कित्येक मूळ मापे ३३ फुटांच्या साखळीने घेतलेली आहेत, ज्या साखळीच्या चौरसाला आपण आजही एक गुंठा म्हणतो. सेंटीमीटरची अचूकता त्या अभिलेखावर लादता येत नाही. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्यांना रीतसर नोटीस मिळाली आहे याची खात्री करा आणि मोजणीच्या दिवशी जुन्या हद्दीचे दगड, झाडे, विहीर दाखवू शकणारे गावातले वडीलधारे माणूस सोबत असू द्या.